अल्पखर्ची भयरहस्यपटांचे उत्तरभाग : हॉलिवूडचा आरंभीचा स्टुडिओकाळ आणि मराठी चित्रपट

सारांश

हॉलिवूडच्या स्टुडिओव्यवस्थेच्या आरंभीच्या काळात, विशेषतः १९३१ ते १९४८ या वर्षांत, कमी खर्चात तयार झालेल्या भयपटांचे व रहस्यपटांचे अनेक उत्तरभाग निघाले. समीक्षेने त्यांना दुय्यम मानले. प्रेक्षकांनी मात्र त्यांना आश्रय दिला. हे उत्तरभाग का निघाले, मेलेले पात्र पुन्हा उभे करण्यासाठी कोणत्या युक्त्या योजल्या गेल्या आणि त्यांतील काही कलाकृती टिकाऊ का ठरल्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. या पार्श्वभूमीवर 'झपाटलेला' (१९९३) आणि 'झपाटलेला २' (२०१३) या मराठी चित्रपटांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : भयपट, रहस्यपट, उत्तरभाग, स्टुडिओव्यवस्था, मराठी चित्रपट, लोकसमजुती.

प्रस्तावना

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी हे तानसा नदीच्या परिसरातील प्रसिद्ध देवस्थान. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतील विजयाशी (१७३९) येथील मंदिराची उभारणी जोडलेली आहे. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथील उष्णोदकाच्या कुंडांविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. देवीने या भूमीतील दैत्यांचा संहार केला आणि त्यांचे रक्त भूमीत मुरून या कुंडांच्या रूपाने वर आले, असा तिचा आशय आहे. भूगर्भशास्त्र या उष्णतेचे कारण वेगळे सांगेल. तथापि आख्यायिकेतील कल्पना लक्षणीय आहे. दैत्य मारला गेला, परंतु तो पुरता संपला नाही; त्याची ऊब भूमीखाली शिल्लक राहिली.

भयकथेच्या उत्तरभागाचे मूळ याच कल्पनेत आहे. १९३९ साली प्रदर्शित झालेल्या 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन' या चित्रपटाच्या अखेरीस राक्षसाला उकळत्या गंधकाच्या कुंडात ढकलले जाते. तीन वर्षांनी आलेल्या 'द घोस्ट ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये तो त्याच थिजलेल्या गंधकातून बाहेर पडतो. अकलोलीच्या कुंडात स्नान करणाऱ्या भाविकाला ही कल्पना परकी वाटू नये. फरक एवढाच, की लोककथेतील दैत्य श्रद्धेच्या बळावर टिकतो आणि चित्रपटातील दैत्य तिकीट खिडकीच्या बळावर.

मराठीत चित्रपटविषयक लेखन विपुल आहे. परंतु भयपट व त्यांचे उत्तरभाग यांचा विचार बहुधा करमणुकीच्या सदरापुरता मर्यादित राहतो. ज्या प्रकाराने दोन पिढ्यांच्या प्रेक्षकांना एकत्र आणले, त्याकडे अभ्यासविषय म्हणून पाहणे आवश्यक आहे.

उद्दिष्टे

१. हॉलिवूडमधील अल्पखर्ची भयरहस्यपटांच्या उत्तरभागांमागील अर्थकारण स्पष्ट करणे.
२. उत्तरभागातील पुनरागमनाच्या कथनयुक्त्यांचे स्वरूप पाहणे.
३. खर्चाची मर्यादा आणि कलात्मक गुणवत्ता यांचा संबंध तपासणे.
४. मराठी चित्रपटातील समांतर उदाहरणाचे स्वरूप व त्याचा सामाजिक संदर्भ विशद करणे.

१. उत्तरभागाचे अर्थकारण

युनिव्हर्सल या संस्थेने १९३१ मध्ये टॉड ब्राउनिंग दिग्दर्शित 'ड्रॅक्युला' आणि जेम्स व्हेल दिग्दर्शित 'फ्रँकेन्स्टाइन' हे दोन चित्रपट प्रदर्शित केले. ते महामंदीचे वर्ष होते. दोन्ही चित्रपटांना मोठे यश मिळाले आणि त्यापाठोपाठ 'द ममी' (१९३२), 'द इनव्हिजिबल मॅन' (१९३३) असे चित्रपट आले. हे मूळ चित्रपट अल्पखर्ची नव्हते. त्यांच्या नावावर पुढे जी रांग उभी राहिली, ती प्रामुख्याने अल्पखर्ची होती.

यामागील कारण समजण्यासाठी त्या काळची वितरणपद्धती लक्षात घ्यावी लागते. मंदीच्या काळात प्रेक्षक टिकवण्यासाठी अमेरिकेतील चित्रपटगृहे एकाच तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागली. त्यांपैकी मुख्य चित्रपटाच्या उत्पन्नात निर्मात्याला टक्केवारीने वाटा मिळे. जोडचित्रपट मात्र ठरावीक भाड्याने दिला जाई. म्हणजेच जोडचित्रपट कितीही चालला तरी त्याचे उत्पन्न जवळजवळ आधीच ठरलेले असे. उत्पन्न ठरलेले असल्यावर नफ्याचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे खर्च कमी करणे.

उत्तरभाग या गणितात अचूक बसत होता. त्याच्या नावाची जाहिरात मूळ चित्रपटाने आधीच केलेली असे. देखावे गोदामात उभे असत. रंगभूषाकार, छायालेखक, संगीतकार हे पगारी नोकर असत, त्यामुळे त्यांना रिकामे बसवण्यापेक्षा कामाला लावणे फायद्याचे होते. पॅरामाउंट किंवा एमजीएमप्रमाणे युनिव्हर्सलकडे स्वतःच्या मोठ्या चित्रपटगृहांची साखळी नव्हती. त्यामुळे स्वतंत्र चित्रपटगृहमालकांना ओळखीचे नाव विकणे ही तिची गरज होती.

'द ममीज हँड' (१९४०) हे याचे ठळक उदाहरण होय. कथानकाच्या दृष्टीने तो १९३२ च्या 'द ममी'चा थेट पुढचा भाग नव्हे. ममीचे नाव बदलून येथे खारिस झाले आहे. परंतु जुन्या इजिप्तमधील पूर्वकथेसाठी मूळ चित्रपटातील दृश्येच वापरली गेली आणि बोरिस कार्लॉफचा चेहरा दिसेल अशा ठिकाणी टॉम टायलरची नवी दृश्ये जोडली गेली. मंदिराचा देखावा 'ग्रीन हेल' या दुसऱ्याच चित्रपटासाठी बांधलेला होता. पार्श्वसंगीताचा मोठा भाग 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मधून घेतलेला होता. पुढच्या 'द ममीज टूम' (१९४२) या तासाभराच्या चित्रपटाचा आरंभीचा बराच वेळ 'द ममीज हँड'मधील जुनी दृश्ये दाखवण्यातच जातो. घरातील जुन्या लुगड्यांची गोधडी शिवावी, तशी ही निर्मितीपद्धती होती.

या व्यवस्थेला बाहेरूनही धक्के बसले. १९३६ मध्ये युनिव्हर्सल लेमली कुटुंबाच्या हातून गेली. ब्रिटनमध्ये भयपटांवर कडक निर्बंध आले आणि भयपटांची निर्मिती जवळजवळ थांबली. ऑगस्ट १९३८ मध्ये लॉस एंजेलिसच्या रेजिना या चित्रपटगृहाने 'ड्रॅक्युला', 'फ्रँकेन्स्टाइन' आणि 'सन ऑफ काँग' हे तीन जुने चित्रपट एकत्र लावले. त्यांना इतकी गर्दी झाली, की युनिव्हर्सलने जुन्या प्रती पुन्हा सर्वत्र पाठवल्या आणि जानेवारी १९३९ मध्ये 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन' प्रदर्शित केला. भयपटाचे दुसरे पर्व असे प्रेक्षकांच्या मागणीतून सुरू झाले, ही बाब महत्त्वाची आहे.

२. मृत्यू आणि पुनरागमन

उत्तरभागापुढील पहिली अडचण कथनाची असते. मूळ चित्रपटाच्या अखेरीस दुष्टाचा नाश झालेला असतो आणि प्रेक्षक तो पाहूनच समाधानाने घरी गेलेला असतो. त्याला पुन्हा जिवंत कसे करावयाचे?

फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचा प्रवास पाहिल्यास या अडचणीची उत्तरे क्रमाने दिसतात. १९३१ मध्ये तो जळत्या पवनचक्कीत सापडतो. १९३५ मध्ये कळते, की तो चक्कीखालच्या पाण्यामुळे वाचला होता. १९४२ मध्ये आगीत सापडल्यानंतर १९४३ मध्ये तो बर्फात गोठलेला आढळतो. त्या चित्रपटात धरण फुटून तो वाहून जातो. १९४४ मध्ये पुन्हा बर्फातून निघतो आणि अखेरीस दलदलीत बुडतो. १९४५ मध्ये चिखलातून वर येतो. अग्नी, जल, हिम आणि मृत्तिका अशी पंचमहाभूतांची जणू परिक्रमाच पूर्ण होते. या काळात राक्षसाचे नट बदलत गेले. कार्लॉफनंतर लॉन चेनी ज्युनियर, बेला लुगोसी आणि ग्लेन स्ट्रेंज यांनी ती भूमिका केली. परंतु जॅक पियर्स यांनी घडवलेली रंगभूषेची ओळख कायम राहिली. नट गेला तरी मुखवटा टिकतो, हे सूत्र उत्तरभागाने सिद्ध केले.

दुसरी युक्ती वंशविस्ताराची. मूळ पात्र उपलब्ध नसेल तर त्याचा मुलगा किंवा मुलगी पुढे करावयाची. 'किंग काँग' आणि 'सन ऑफ काँग' हे दोन्ही १९३३ याच वर्षी आले. त्यानंतर 'ड्रॅक्युलाज डॉटर' (१९३६), 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९३९) आणि 'सन ऑफ ड्रॅक्युला' (१९४३) आले. भारतातही याच काळात वाडिया मुव्हिटोनच्या 'हंटरवाली' (१९३५) या नादियाच्या गाजलेल्या साहसपटानंतर होमी वाडिया यांनी 'हंटरवाली की बेटी' (१९४३) काढला. तो भयपट नव्हता. परंतु नावातील नातेसंबंधातून जुना प्रेक्षक परत आणण्याची रीत तीच होती.

पुनरागमनाची किंमतही मोजावी लागते. १९३२ च्या 'द ममी'मधील इम्होतेप हा बोलणारा, गतजन्मीच्या प्रेमासाठी तळमळणारा माणूस आहे. त्याच्याविषयी भीतीबरोबर करुणाही वाटते. १९४० नंतरचा खारिस मुका आहे. तो एक पाय ओढत चालतो आणि पुजाऱ्यांच्या आज्ञेनुसार गळे दाबतो. तीन पानांच्या काढ्याने त्याचे हृदय चालू राहते व नऊ पानांच्या काढ्याने तो चालू लागतो, एवढाच त्याच्या जगण्याचा नियम. काळाचे भानही सुटत जाते. मालिकेत सांगितलेल्या वर्षांचा हिशेब केल्यास 'द ममीज कर्स' (१९४४) चे कथानक १९९० च्या दशकात जाते. वेषभूषा मात्र १९४४ चीच राहते. याच चित्रपटात ममी मॅसॅच्युसेट्समधील दलदलीतून लुइझियानामधील दलदलीत कशी आली, याचे स्पष्टीकरणही दिले जात नाही. इच्छा असलेले भूत केवळ साधन बनते, तेव्हा मालिका चालू राहूनही तिचा प्राण गेलेला असतो.

३. रहस्याची उकल : भूत खरे की बनावट?

भयपट आणि रहस्यपट यांतील सीमारेषा या काळात पुसट होती. मूकपटांच्या अखेरच्या पर्वात अमेरिकन चित्रपटातील भूत बहुधा बनावट ठरत असे. 'द कॅट अँड द कॅनरी' (१९२७) मध्ये वारसाहक्कासाठी घाबरवणारा माणूसच असतो. ब्राउनिंग यांच्या, आज उपलब्ध नसलेल्या 'लंडन आफ्टर मिडनाइट' (१९२७) मध्ये रक्तपिपासू हे तपासासाठी रचलेले सोंग ठरते. 'ड्रॅक्युला'ने हा संकेत मोडला. तेथे अलौकिक खरे होते. गंमत अशी, की त्याच ब्राउनिंग यांनी 'मार्क ऑफ द व्हँपायर' (१९३५) मध्ये पुन्हा जुन्या सोंगाचीच उकल स्वीकारली.

या दोन वाटांचा उत्तरभागाशी निकटचा संबंध आहे. रहस्य उकलले, की कथा संपते. खुनी सापडल्यावर तोच खून पुन्हा शोधता येत नाही. म्हणून रहस्यमालिकेत गुन्हा बदलतो आणि शोधणारा कायम राहतो. भयमालिकेत उलट घडते. तेथे बळी आणि नायक बदलतात. कायम राहते ते भूत. मराठी वाचकाला हे दोन्ही प्रकार ग्रंथव्यवहारातून परिचित आहेत. बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांत झुंजार आणि काळापहाड हे नायक परत परत येतात. नारायण धारपांच्या भयकथांत 'समर्थ' हे पात्र नवनव्या अनिष्ट शक्तींशी सामना करते. स्वस्त पुस्तके आणि वाचनालये यांनी मराठीत जे केले, तेच जोडचित्रपटांनी अमेरिकेत केले, असे म्हणता येईल.

४. मर्यादेतून कला : व्हाल ल्यूटन यांचे उदाहरण

अल्पखर्च म्हणजे अल्पगुण, हे समीकरण खोडून काढणारे सर्वांत बलवत्तर उदाहरण आरकेओ या संस्थेतील निर्माते व्हाल ल्यूटन यांचे आहे. १९४२ मध्ये त्यांच्याकडे भयपटविभाग सोपवताना संस्थेने अटी घातल्या. प्रत्येक चित्रपटाचा खर्च दीड लाख डॉलर्सच्या आत असावा, लांबी पाऊण ते सव्वा तासाच्या पुढे जाऊ नये आणि शीर्षक संस्था ठरवील, अशा त्या अटी होत्या. झाक तुर्नूर दिग्दर्शित 'कॅट पीपल' (१९४२) या अटींत तयार झाला. त्यात ऑर्सन वेल्स यांच्या 'द मॅग्निफिसंट अँबर्सन्स'साठी बांधलेला जिना वापरला गेला. राक्षस दाखवण्याइतका पैसा नव्हता; म्हणून सावली, पावलांचा आवाज आणि पोहण्याच्या तलावावर हलणारा उजेड यांवर भिस्त ठेवली गेली. प्रेक्षकाच्या मनातील भीती पडद्यावरील राक्षसापेक्षा स्वस्तही ठरली आणि प्रभावीही.

यशानंतर संस्थेने 'द कर्स ऑफ द कॅट पीपल' हे शीर्षक देऊन उत्तरभाग मागितला. १९४४ मध्ये आलेल्या या चित्रपटात शाप जवळजवळ नाहीच. गुंथर फॉन फ्रिश यांनी सुरू केलेले आणि रॉबर्ट वाइज यांनी पूर्ण केलेले हे चित्रण एका एकाकी मुलीचे आहे. वडिलांची मृत पहिली पत्नी तिला मैत्रीण म्हणून दिसू लागते. ती भूत आहे की मुलीची कल्पना, हे चित्रपट ठामपणे सांगत नाही. मुलीची भीती भुताची नसून आपल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही याची आहे. वडील पहिल्या चित्रपटातील घटनेची भीती अजून मनात बाळगून आहेत आणि त्या भीतीपोटीच ते मुलीला समजून घेऊ शकत नाहीत. येथे उत्तरभाग हा शब्द खऱ्या अर्थाने सार्थ ठरतो. आधी जे घडले त्याचे उत्तर पुढच्या पिढीला द्यावे लागते, हाच त्याचा विषय आहे.

'द ममीज कर्स' आणि 'द कर्स ऑफ द कॅट पीपल' हे दोन्ही १९४४ चे, दोन्ही अल्पखर्ची, दोन्ही संस्थेच्या मागणीवरून निघालेले. त्यांतील अंतर पैशाचे नाही. मृत व्यक्ती परत का आली, या प्रश्नाला एकाकडे उत्तर आहे आणि दुसऱ्याकडे नाही, हे खरे अंतर आहे.

५. मराठी समांतर : 'झपाटलेला'

मराठी बोलपटात भयाची छटा असलेले रहस्यपट जुने आहेत. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) मृत मानलेल्या पत्नीच्या पुनर्दर्शनावर उभा आहे. परंतु त्याची उकल तर्काने होते. मात्र भूत खरे मानून त्याचा उत्तरभाग निघण्याचे सर्वपरिचित मराठी उदाहरण म्हणजे महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' होय. 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या अमेरिकन चित्रपटावरून सुचलेल्या या कथेत तात्या विंचू हा गुन्हेगार मरताना मंत्रबळाने बाहुल्यात प्रवेश करतो. दिलीप प्रभावळकर यांची भूमिका, रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा घाबरलेला लक्ष्या यांच्या मिश्रणातून भय आणि हास्य एकाच वेळी साधले गेले.

हॉलिवूडच्या इतिहासाशी ताडून पाहता येथे क्रम उलटा दिसतो. युनिव्हर्सलच्या राक्षसांना विनोदी जोडीसमोर उभे करणारा 'अॅबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन' (१९४८) हा त्या पर्वाचा शेवट मानला जातो. तेथे भय ओसरल्यावर हास्य आले. मराठीत भयाने हास्याचे बोट धरूनच प्रवेश केला. सहकुटुंब चित्रपट पाहणारा प्रेक्षकवर्ग आणि मर्यादित आर्थिक बळ, ही त्यामागील कारणे संभवतात. बाहुला या कल्पनेतच काटकसर आहे. त्याला प्रचंड देखावे लागत नाहीत. शब्दभ्रमाची कला महाराष्ट्रात पाध्ये कुटुंबामुळे आधीच रुजलेली होती. स्थानिक कलेचा असा उपयोग हेच अल्पखर्ची चित्रपटाचे बळ असते.

उत्तरभाग वीस वर्षांनी, २०१३ मध्ये आला. दरम्यान १६ डिसेंबर २००४ रोजी लक्ष्मीकांत बेर्डे यांचे निधन झाले होते. नायकाच्या अनुपस्थितीत कथा लक्ष्याच्या मुलाकडे आली. ती भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली. 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन'ने अनुसरलेली वंशविस्ताराची वाटच येथे दिसते. मात्र मराठी प्रेक्षकासाठी तिला वेगळा अर्थ होता. लक्ष्या नाही आणि तात्या विंचू आहे, ही जाणीव चित्रपटगृहात बसलेल्या प्रत्येकाला होती. नट गेला आणि बाहुला राहिला, या वस्तुस्थितीने कथेत नसलेली हुरहूर चित्रपटाला दिली.

'झपाटलेला २' त्रिमिती तंत्रात होता. या बाबतीत रामसे बंधूंचे स्मरण होते. मुंबईत राहून अत्यल्प खर्चात हिंदी भयपट काढणाऱ्या या कुटुंबाने 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) या चित्रपटाचे चित्रीकरण लहान चमू घेऊन महाबळेश्वर येथे केले. 'पुराना मंदिर' (१९८४) मधील सामरी लोकप्रिय झाल्यावर १९८५ मध्ये त्याच नावाचा त्रिमिती चित्रपट आला. जुने भूत नव्या तंत्रात दाखवणे, हे उत्तरभागाचे आणखी एक समर्थन ठरते. परंतु तंत्राचे नावीन्य एका चित्रपटापुरते टिकते. पात्राचे नावीन्य कथेने जपावे लागते.

विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी' या चित्रपटाचे उदाहरण वेगळी चिंता व्यक्त करते. उसाच्या फडात घडणारी ही मराठी भयकथा २०१७ मध्ये चित्रपटगृहांत आली. तिचे हिंदी रूप 'छोरी' २०२१ मध्ये आणि उत्तरभाग 'छोरी २' २०२५ मध्ये आला. दिग्दर्शक तेच राहिले. मालिका मात्र हिंदीत उभी राहिली. कथा मराठीत जन्मावी आणि तिचा वंश दुसऱ्या भाषेत वाढावा, हे मराठी निर्मितिव्यवस्थेच्या दुर्बलतेचे लक्षण आहे.

६. सामाजिक संदर्भ

अमेरिकन प्रेक्षकासाठी इजिप्तची ममी दूरची होती. महाराष्ट्रात वेताळ, मुंजा, हडळ ही नावे अनेकांच्या घरात आजीच्या तोंडी असतात आणि अंगात येणे, भूत उतरवणे हे प्रकार केवळ कथेत नसतात. 'झपाटलेला २' ज्या वर्षी आला त्याच वर्षी, २० ऑगस्ट २०१३ रोजी, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात संमत झाला. भूत उतरवण्याच्या मिषाने मारहाण करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला.

भयपटांमुळे अंधश्रद्धा वाढते, असा सरसकट निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. बाहुल्यात शिरलेल्या गुंडाला पाहून हसणारा प्रेक्षक भीतीवर थोडी मात करीत असतो. परंतु चित्रपट दुःखी किंवा आजारी स्त्रीला झपाटलेली म्हणून दाखवतो आणि मांत्रिकाला त्राता ठरवतो, तेव्हा तो पडद्याबाहेरच्या अत्याचाराला भाषा पुरवतो. या दृष्टीने 'द कर्स ऑफ द कॅट पीपल' आजही मार्गदर्शक आहे. ज्याला काही दिसते त्याचे ऐकून घ्यावे, हे तो सांगतो. 'लपाछपी'मधील भयही स्त्रीभ्रूणहत्येच्या वास्तवातून आलेले आहे. तेथे भुतापेक्षा माणूस अधिक भयावह ठरतो.

निष्कर्ष

१. हॉलिवूडमधील अल्पखर्ची भयरहस्यपटांचे उत्तरभाग हे केवळ कल्पनादारिद्र्याचे फळ नव्हते. जोडचित्रपटांचे ठरावीक भाडे, पगारी तंत्रज्ञ आणि साठवलेले देखावे यांतून ते अपरिहार्यपणे निर्माण झाले.
२. मृत पात्राचे पुनरागमन आणि वंशविस्तार या त्यांच्या प्रमुख युक्त्या होत्या. याच युक्त्या 'हंटरवाली की बेटी' आणि 'झपाटलेला २' या चित्रपटांतही दिसतात.
३. उत्तरभागाची गुणवत्ता खर्चावर अवलंबून नसून पुनरागमनाला दिलेल्या कारणावर अवलंबून असते.
४. मराठी भयपटाचे बळ लोकसमजुती, शब्दभ्रम, विनोद आणि सामाजिक वास्तव या स्थानिक सामग्रीत आहे. ही सामग्री अल्प खर्चातही उपलब्ध आहे.
५. समाजात भुताची भीती जिवंत असताना भयपटकर्त्याची जबाबदारी अधिक असते.

वज्रेश्वरीच्या आख्यायिकेत दैत्याचे रक्त व्यर्थ जात नाही. त्याच्या उष्ण पाण्यात लोक व्याधी जावी म्हणून स्नान करतात. भयकथेचा चांगला उत्तरभागही असेच करतो. जुने भय तो वर आणतो, ते प्रेक्षकाला सोसवेल असे करतो आणि त्यातून काही निवारणही घडवतो. जो हे करीत नाही, तो केवळ जुने कुंड पुन्हा खणत राहतो.